आधी पाने मोजा, मग तांदूळ धुवा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या सभागृहात वातानुकूलन यंत्र बसवावे, असा विचार चालू आहे. वैशाखात या पत्र्याखाली शिवणवर्गाच्या मुलींचे काय हाल होतात, ते मी रोज पाहते. तेव्हा यंत्राला माझा विरोध नाही. पण आधी माझी फजिती ऐका.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरी असेच यंत्र घेतले. दुकानदाराने खोलीची लांबी-रुंदी विचारली. पश्चिमेच्या खिडकीकडे कोणीच पाहिले नाही, मीसुद्धा! दुपारभर ऊन आत येई आणि यंत्र ती उष्णता बाहेर काढीत बसे. गळक्या हंड्यात पाणी भरावे, तसा प्रकार! विजेचे बिल आले तेव्हा डोळे उघडले. मग खिडकीला बाहेरून बांबूचा पडदा सोडला. ऊन काचेतून शिरले की उष्णता खोलीतच कोंडते, म्हणून पडदा बाहेरूनच हवा. तो आधी लावला असता, तर निम्म्या पैशांत लहान यंत्र पुरले असते.

मोठमोठ्यांचीही हीच गोष्ट. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालची, १०२ मजल्यांची. २००९ मध्ये तिची सुधारणा ठरली, तेव्हा तज्ज्ञांनी खिडक्या, दिवे, यंत्रे यांचा एकत्र हिशेब मांडला. पाचव्या मजल्यावर कारखाना थाटून ६,५१४ खिडक्यांच्या जुन्याच काचांमध्ये उष्णता थोपवणारा पातळ पापुद्रा बसवला. आत येणारी उष्णताच घटली; त्यामुळे थंडाव्याची यंत्रे नवी न घेता जुनीच सुधारून भागले. त्यात वाचलेला पैसा बाकीच्या कामांना उपयोगी पडला. ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी कमी करण्याची ही योजना होती.

भगिनींनो, पंगतीला आपण आधी पाने मोजतो, मग तांदूळ धुतो. इमारतीचेही तसेच. छप्पर, भिंती, खिडक्या, दिवे हा सगळा एकच संसार आहे. एकाचे ओझे दुसऱ्यावर पडते.

म्हणून माझी सूचना अशी: आधी पत्र्याला पांढरा रंग द्यावा, खाली छत घालावे, पश्चिमेला पडदे सोडावेत, जुने दिवे बदलावेत. एक उन्हाळा पाहावा. मग जेवढे उरेल तेवढ्यापुरते यंत्र घ्यावे. हा निधी आपण पापड विकून जमवला आहे. त्यातून दोन शिवणयंत्रे वाचली, तर मुलींचे आशीर्वाद मिळतील.