खरे यंत्र कोणते?

महाभारताच्या वनपर्वात नलदमयंतीची जी कथा आली आहे, तिच्यातील स्वयंवराचा प्रसंग बहुतेकांस ठाऊक असतो. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव नलाचे रूप धारण करून त्याच्याजवळ येऊन राहिले, आणि दमयंतीस एकाच रूपाचे पाच पुरुष दिसू लागले. वृद्धांकडून ऐकलेल्या देवांच्या खुणा तिने शोधून पाहिल्या; एकही दिसेना. संगणकशास्त्रात आज हाच पेच निराळ्या स्वरूपात उभा आहे. येथे दमयंतीच्या जागी एक आज्ञावली असते, आणि आपण ज्या यंत्रावर चालत आहोत ते खरे की खऱ्याचे सोंग घेतलेले, हा तिच्यापुढील प्रश्न असतो.

हे सोंग म्हणजे काय, ते प्रथम पाहिले पाहिजे. वसई तालुक्यातील उमेळे गावी एखाद्या घरात मेजावर जो संगणक असतो, त्याला हात लावता येतो. परंतु त्याच घरातून दूरच्या दुकानाकडे जिन्नसांची मागणी धाडली, तर ती ज्या संगणकाकडे पोहोचते, तो पुष्कळदा असा हात लावण्याजोगा नसतोच. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे व मुंबई येथे, आणि अमेझॉनने २०१६ च्या जून महिन्यात मुंबई येथे प्रचंड गणनकेंद्रे उघडली. अशा केंद्रांत एकाच धातूच्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रे नांदत असतात. एका मोठ्या वाड्यात दहा बिऱ्हाडे राहावीत आणि प्रत्येकास सगळा वाडा आपलाच आहे असे वाटावे, अशी ही योजना आहे. वाड्याचा कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायझर म्हणतात. प्रत्येक बिऱ्हाडास किती स्मृती व किती वेळ द्यावा हे तीच ठरविते. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीने १९७२ साली या जातीची प्रणाली बाजारात आणण्याचे जाहीर केले होते.

आता बिऱ्हाडात राहणाऱ्यास वाडा ओळखता येईल काय? पहिला उपाय अगदी साधा, म्हणजे नावाच्या पाट्या वाचण्याचा. प्रत्येक यंत्राच्या जाळेजोडणीस एक क्रमांक असतो व त्याच्या आरंभीच्या आकड्यांवरून कर्त्याचे नाव कळते. तो क्रमांक ०८:००:२७ ने सुरू होत असेल, तर ते व्हर्च्युअलबॉक्स नामक आज्ञावलीने निर्मिलेले यंत्र असण्याचा दाट संभव असतो. तबकडीचे, पडद्याच्या जोडणीचे, मूळ पटलाचे नावही असाच भेद फोडते. परंतु पाटी बदलणे कोणासही अवघड नाही. पाटीवर विसंबणारा परीक्षक लबाडास पकडत नाही. तो केवळ निष्काळजी माणसास पकडतो.

म्हणून शोध अधिक खोलात गेला. पोपेक आणि गोल्डबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी १९७४ साली आभासी यंत्राची लक्षणे नेमकी सांगितली. त्यांपैकी मुख्य लक्षण असे, की आज्ञावलीचे वर्तन खऱ्या यंत्रावर होईल तसेच येथेही व्हावे. मात्र त्यांनी दोन अपवाद आधीच मान्य करून ठेवले : लागणारा वेळ आणि उपलब्ध साधनसामग्री. पुढे घरोघरी आलेल्या इंटेल घराण्यातील प्रोसेसरांनी या लक्षणास आणखीही बाध आणला. पेंटियम प्रोसेसरच्या आज्ञासंचात सतरा आज्ञा अशा आहेत, की त्या यंत्राचे गुपित उघड करतात, पण कारभाऱ्यास त्याची वर्दीही देत नाहीत, असे २००० साली दोन अभ्यासकांनी दाखवून दिले. पोलंडच्या योआना रुटकोव्स्का यांनी २००४ साली याच दुबळेपणाचा लाभ घेतला. प्रोसेसरच्या एका अंतर्गत कोष्टकाचा पत्ता त्या काळच्या आभासी यंत्रांत नेहमीहून निराळ्या ठिकाणी असे. तो पत्ता विचारणारी एकच आज्ञा त्यांनी चालविली आणि सोंग उघडे पाडले.

ही खूण फार काळ टिकली नाही. २००५ पासून इंटेलने, आणि पाठोपाठ एएमडीने, आभासी यंत्रांना प्रोसेसरमध्येच आधार दिला. बिऱ्हाडास स्वतःचे कोष्टक मिळाले आणि पत्त्यातील विसंगती नाहीशी झाली. एकाहून अधिक गाभ्यांच्या प्रोसेसरांनीही या परीक्षेची विश्वसनीयता घालविली. ज्या खुणेचा बोभाटा होतो, ती पुसण्याची विद्याही लौकरच निर्माण होते.

उरतो तो वेळ. वसईच्या वाड्यांतून पूर्वी रहाटाने पाणी काढले जाई. पाटाने येणारे पाणी रंगाने तेच आणि चवीने तेच असते. तेवढ्यावरून काही कळत नाही. पण धार मध्येच खंडली, की वरच्या अंगास कोणी पाट फिरविला असावा हे खालच्या वाफ्यात उभ्या असलेल्या माणसास न पाहताही समजते. संगणकातही असेच घडते. प्रोसेसरला त्याची स्वतःची ओळख विचारणारी एक आज्ञा आहे. खऱ्या यंत्रावर तिला घड्याळाचे शंभर-दोनशे ठोके लागतात. आभासी यंत्रात मात्र ती आज्ञा थांबवून कारभाऱ्याकडे न्यावी लागते, आणि तेवढ्यात ठोक्यांची संख्या हजाराच्या पलीकडे जाते. यावर कोणी म्हणेल, की ठोके मोजणारे घड्याळही कारभाऱ्याच्याच हाती आहे. त्याने ते मागे सारले म्हणजे झाले. तसे करता येते. परंतु एक घड्याळ मागे सारले, तर दुसऱ्याशी त्याचा मेळ बसत नाही. जाळ्यावरून बाहेरच्या घड्याळास विचारले, तर सगळेच खोटे ठरते. गारफिंकेल, ॲडम्स, वॉरफील्ड आणि फ्रँकलिन यांनी २००७ साली एका निबंधात स्पष्ट मत दिले, की खऱ्या यंत्रापासून मुळीच ओळखू न येणारे आभासी यंत्र घडविणे व्यवहारात शक्य नाही.

या ओळखीचा सर्वांत अधिक सोस कोणास असतो? दुर्दैवाने तो चोरास असतो. घातक आज्ञावली तपासणारे तज्ज्ञ ती आभासी यंत्रात कोंडून तिचे चाळे पाहतात. म्हणून चोराची आज्ञावली आधी कानोसा घेते आणि आपण कोंडलेले आहोत असा संशय आला, की निरुपद्रवी होऊन बसते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाची खंडणीखोर आज्ञावली जगभर पसरली. महाराष्ट्र पोलिसांच्याही काही संगणकांना तिची झळ लागल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. ही आज्ञावली काम सुरू करण्यापूर्वी, कोणीही न नोंदविलेल्या एका पत्त्यावर हाक मारीत असे. हाकेला ओ आली, तर ती तेथेच थांबे. तपासणीच्या कोंडवाड्यात अशा कोणत्याही हाकेला ओ देण्याची सोय ठेवलेली असते, म्हणून ही युक्ती कोंडवाडा ओळखण्यासाठीच योजली असावी, असा तर्क मार्कस हचिन्स या इंग्रज तरुणाने पुढे मांडला. त्यानेच तो पत्ता स्वतःच्या नावे नोंदविला होता. त्याबरोबर जगातील त्या आज्ञावलीच्या प्रतींना सर्वत्र ओ येऊ लागली आणि तिचा प्रसार खुंटला. फसवणूक ओळखण्याची चोराची खूणच चोरावर उलटली.

येथवर खुणा मिळतात, हे सिद्ध झाले. परंतु खुणेवरून कोणता निष्कर्ष काढावा, हा याहून नाजूक प्रश्न आहे. घरी बसून परीक्षा देणाऱ्यांसाठी ज्या आज्ञावल्या निघाल्या आहेत, त्यांपैकी काही आभासी यंत्र दिसताच चालण्याचे नाकारतात. सेफ एक्झाम ब्राउझर ही त्यांपैकीच एक होय. हेतू योग्य आहे, कारण आभासी यंत्रात परीक्षा आणि बाहेरच्या यंत्रात उत्तरांची वही, अशी लबाडी करता येते. तथापि समजा, उमेळ्याच्या एखाद्या विद्यार्थिनीने नवा संगणक घेतला आहे. विंडोज ११ ही प्रणाली नव्याने बसविताना, योग्य यंत्रावर, सुरक्षिततेसाठी स्वतःच्या तळाशी हायपरव्हायझर आपणहून चालू करते. तिच्या यंत्रास विचारले, तर ते निःसंकोचपणे, हायपरव्हायझर आहे, असेच सांगेल. बिचाऱ्या मुलीस त्याची गंधवार्ताही नसेल. खूण खरी, पण निष्कर्ष सर्वस्वी खोटा; आणि वर्षभराचा अभ्यास पणास लागलेला.

दमयंतीचा पेच कसा सुटला, हे येथे आठवावे. तिने देवांचीच करुणा भाकली, आणि देवांनी स्वतः आपल्या खुणा प्रकट केल्या. त्यांच्या अंगी घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, पाय भूमीस लागत नव्हते. नलाला मात्र सावली होती आणि त्याची माळ कोमेजली होती. आजचे प्रामाणिक हायपरव्हायझरही हेच करतात. प्रोसेसरच्या ओळखपत्रात एक जागा याचसाठी राखून ठेवलेली असते. तेथे ते आपले अस्तित्व आणि नाव आपणहून नोंदवितात. ज्याला लपायचे नाही, त्याची ओळख पटविणे सोपे असते. ज्याला लपायचे आहे, त्याच्या बाबतीत मात्र एक खूण कधीच पुरत नाही. अनेक खुणांचा मेळ घालावा लागतो, आणि तरीही मिळते ते अनुमानच.

म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने आपली आज्ञावली कोणती खूण पाहते हे आधी जाहीर करावे, उमेदवारास परीक्षेपूर्वी स्वतःचे यंत्र तपासून घेण्याची संधी द्यावी, आणि नकाराचा अखेरचा निर्णय माणसाच्या हाती ठेवावा. यंत्र खरे की आभासी, हा एक प्रश्न आहे. त्या यंत्रापुढे बसलेली व्यक्ती प्रामाणिक आहे की नाही, हा अगदी दुसरा. पहिल्याचे उत्तर ठोके मोजून मिळू शकते. दुसऱ्याचे मिळत नाही.