अडीच वर्षांची सव्वातीन वर्षं



‘हल्ली मुली फार लवकर वयात येतात’ असं कुणी म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलंच असतं: कोंबड्यांना इंजेक्शनं देतात, म्हशींना देतात, त्याचाच हा परिणाम. आधी तेवढं निकालात काढू. गोठ्यात चोरून टोचतात ते ऑक्सिटोसिन पोटात गेलं की अन्नातल्या प्रथिनांसारखं पचून जातं. ब्रॉयलर सहा आठवड्यांत भरतो तो पिढ्यान्‌पिढ्या निवडून केलेल्या पैदाशीमुळे. म्हशीला टोचणं हा गुन्हाच, पण तो म्हशीविरुद्धचा.

मग बदललं काय? १९९७ मध्ये अमेरिकेत मार्शा हर्मन-गिडन्स यांनी सतरा हजार मुलींची पाहणी प्रसिद्ध केली, तीत स्तनांची वाढ अपेक्षेपेक्षा लवकर सुरू झालेली दिसली आणि खळबळ उडाली. आक्षेपही लगेच आला. बऱ्याच मुलींची नोंद नुसतं बघून केलेली होती, आणि गुबगुबीत मुलीच्या बाबतीत नजर फसते. कोपनहेगनच्या डॉक्टरांनी १९९१-९३ मध्ये आणि पुन्हा २००६-०८ मध्ये, दोन्ही मिळून सुमारे दोन हजार मुली तपासल्या, त्या बोटांनी चाचपून. स्तनाग्राखाली घट्टसर गाठ हाताला लागली तरच सुरुवात धरायची. नुसती चरबी मऊ लागते. एवढी काळजी घेऊनही सुरुवातीचं सरासरी वय १०.८८ वरून ९.८६ वर आलेलं निघालं. पंधरा वर्षांत एक वर्ष!

आणि पाळी? १३.४२ वरून १३.१३. जेमतेम साडेतीन महिने. मला या संशोधनातला हा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो, आणि बातम्यांत नेमका तोच गळतो. मुली ‘झटपट मोठ्या’ होत नाहीयेत. सुरुवात अलीकडे सरकली आणि शेवट जवळपास तिथेच राहिला. गाठ लागण्यापासून पाळीपर्यंतचा जो काळ अडीच वर्षांचा होता, तो सव्वातीन वर्षांचा झाला.

कारणाचा शोधही इथूनच वळतो. आठ ते दहा वर्षांच्या डॅनिश मुलींच्या रक्तात मेंदूचा हुकूम पोचवणारी पिट्युटरीची संप्रेरकं पूर्वीपेक्षा वाढलेली नव्हती. म्हणजे मेंदूनं हुकूम देण्याआधीच स्तनाच्या पेशी कामाला लागल्या होत्या. वजनाचा हिशेब वजा केला तरी फरक उरला. म्हणून संशय इस्ट्रोजेनची नक्कल करणाऱ्या रसायनांवर जातो. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात मुख्यतः शेतमजूर कुटुंबांतल्या बायकांची गरोदरपणी लघवी तपासली आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. अत्तर-साबणांतलं थॅलेट आणि ट्रायक्लोसान ज्या आयांमध्ये जास्त होतं, त्यांच्या मुलींमध्ये वयात येण्याच्या काही खुणा लवकर दिसल्या. हा संबंध आहे, पुरावा नव्हे. गरोदर बायकांना मुद्दाम रसायन देऊन प्रयोग कोण करणार?

रसायनाची गरजच नसते, असंही एक उदाहरण आहे, आणि ते आपल्या देशातल्या मुलींचं. स्वीडनमधल्या कुटुंबांनी दत्तक घेतलेल्या १०७ भारतीय मुलींचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पाळीचं मध्यक वय ११.६ निघालं, एकीला तर आठ वर्षंही पुरी झाली नव्हती. ज्या मुली सगळ्यात खुरटलेल्या होत्या आणि तिथं गेल्यावर सगळ्यात झपाट्यानं वाढल्या, त्यांची घाई जास्त. आधी उपास आणि मग भरलं ताट, हा क्रम शरीराला धक्का देतो.

पुढं कोविड आला. रोमच्या एका बालरुग्णालयात २०२० च्या काही महिन्यांत लवकर वयात येण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुली आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त झाल्या. पुण्यातल्या डॉक्टरांनीही मोठी वाढ नोंदवली. रसायनं काही सहा महिन्यांत बदलत नाहीत. वजन, झोप, ताण बदलले, शाळा बंद झाल्या. शिवाय आई-वडील दिवसभर घरात होते, एरवी न दिसलेलं त्यांना दिसलं, हेही विसरू नये.

मुलग्यांबद्दल माहिती फारच तुटपुंजी. त्यांना पाळीसारखा, आठवणीत राहील असा एक ठरावीक दिवस नसतो.

आता व्यवहाराचं. आठ वर्षांच्या आत गाठ लागली तर डॉक्टरांकडे जावं. ते डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात, आणि हाडं पुढं पळत असतील तर महिन्याला किंवा तिमाहीला इंजेक्शन देऊन मेंदूचा हुकूम थोपवता येतो. नवव्या-दहाव्या वर्षी सुरुवात झालेल्या बहुतेक मुलींना यातलं काहीच नको असतं. गाठ दुखते, एकाच बाजूला आधी येते, कॅन्सर तर नाही ना अशी धास्ती वाटते. चौथीतल्या मुलीला ही माहिती पाळीच्या माहितीआधी तीन वर्षं लागते, आणि ती द्यायला घरात बहुधा अजून कुणाची तयारी झालेली नसते.