टेकडीवरचा गणेर



फेब्रुवारी सरत आला, की एका सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर जा.
सोबत झाडं ओळखणारं कुणी असेल, तर फारच छान.

वाटेत फिकट गुलाबी फुलांची झाडं दिसतील.
ती गिरिपुष्पाची.
मूळची मध्य अमेरिकेतली.
आपल्याकडे ती मुद्दाम लावली गेली.

आता थोडं पुढे चला.
एक झाड दिसेल.
अंगावर पान नाही,
आणि फांद्यांच्या टोकांना मोठी, सोनपिवळी फुलं.

हा गणेर.
आपल्याच मातीतला.
खडकाळ उतारावर तो आपला आपण वाढतो.
मला तर तो बहाव्याहूनही देखणा वाटतो.

पांगारा फुललेला दिसला, तर तिथे दहा मिनिटं शांत उभे राहा.
मैना येतील, बुलबुल येतील, इवलासा शिंजीरही येईल.

देशी झाड लावायचंय?
मग आधी ते त्याच्या जागी पाहा.
माती कशी, ऊन किती, शेजारी कोण.
पुन्हा सांगते,
लावण्याआधी झाड त्याच्या जागी पाहा.

फांदी मात्र तोडू नका.
वहीत नाव, जागा आणि तारीख लिहा.

आणि पावसाळ्यात पुन्हा त्याच गणेराकडे जा.
तेव्हा फुलं नसतील, पानं असतील.
ओळखता येतो का, बघा.