तिथी कशी मोजतात?



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यात मढी गाव आहे. तिथं कानिफनाथांची समाधी आहे. फाल्गुन वद्य पंचमीला, म्हणजे रंगपंचमीला, मढीची मोठी यात्रा असते. यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. लोक लांबून जनावरं घेऊन येतात. दिवस चुकला तर सौदा हुकतो, पायपीट फुकट जाते.

पुष्कळ जण पुनवेपासून बोटं मोजून पंचमी काढतात. कधी ती जुळते, कधी चुकते. आम्हांला वर्गात नेहमी विचारतात, "काल द्वितीया होती, आज चतुर्थी. मधली तृतीया गेली कुठं?" त्याचं उत्तर आज पाहू.

इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. तिथीचं तसं नाही. तिथी चंद्राच्या चालीवर चालते. अवसेला सूर्य आणि चंद्र एका दिशेला असतात. मग चंद्र सूर्यापासून लांब सरकतो. पुनवेला तो समोरासमोर येतो आणि फिरून पुन्हा सूर्यापाशी जातो. या फेऱ्याला सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. फेऱ्याचे ३६० अंश. त्याचे ३० सारखे भाग केले. १२ अंशांचा एक भाग, तीच एक तिथी. १५ शुद्ध पक्षात, १५ वद्य पक्षात.

पण चंद्राची चाल सारखी नसते. बैलगाडी उताराला झपझप जाते, चढाला रेंगाळते. तसाच चंद्र पृथ्वीजवळ असला की भरभर सरकतो, लांब गेला की सावकाश. म्हणून एखादी तिथी २० तासांत संपते, एखादी २६ तासांपर्यंत लांबते.

मग दिवसाला नाव कोणतं द्यायचं? सूर्य उगवताना जी तिथी चालू असेल, तिचं.

समजा, सोमवारी साडेसहाला सूर्य उगवला. तेव्हा द्वितीया होती. सात वाजता तृतीया लागली. ती मंगळवारी पहाटे साडेपाचलाच संपली. मंगळवारचा सूर्य चतुर्थीवर उगवला. तृतीयेला सूर्योदय मिळालाच नाही. हिला क्षय तिथी म्हणतात. एकाच तिथीत दोन सूर्योदय आले, तर ती वृद्धी तिथी.

आता बघा, पंचमी बुधवारी आली. बोटं मोजणारा मात्र गुरुवारी पोचणार!

सगळे सण सूर्योदयावर ठरत नाहीत. संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी पाहतात, रामनवमीला दुपारची नवमी. शिवाय नागपूरला सूर्य आपल्याआधी सुमारे पाव तास उगवतो. त्यामुळं क्वचित तिथली तिथी आणि इथली तिथी वेगळी पडते. त्यावरून भांडू नये. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

पंचांगात तिथीपुढं वेळ छापलेली असते. ती तिथी संपण्याची वेळ, लागण्याची नव्हे. एवढं ध्यानात ठेवा. आकडे तुम्हांला आता वाचता येतात. आज घरी गेल्यावर आजची तिथी शोधा, ती किती वाजता संपते ते पाहा, आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.