कवळीवरचा बुळबुळीत थर



मी सातवी शिकलेली. पण घरात जे कळले ते सांगते. सासूबाईंची टाळू लाल होऊन आग होई. बुरशीचे औषध लावले की आठ दिवस बरे, पुन्हा तेच! मी औषधालाच नावे ठेवी. दातांच्या डॉक्टरांनी मला कवळीवर बोट फिरवायला सांगितले. बुळबुळीत लागली! कॅन्डिडा नावाची बुरशी तिथे चिकट थर धरते. त्या थरात औषध नीट शिरत नाही, आणि तळाशी निपचित पडलेल्या काही पेशी औषधाला दाद देत नाहीत. म्हणून आधी थर घासून काढायचा, मग औषध. आता रोज कवळी ब्रशाने घासते, रात्री पाण्यात ठेवते. “बोळक्या तोंडाने निजू का?” म्हणून सासूबाई रुसल्या होत्या. परवा त्यांनी तिखट आमटी मागितली.