मनोविकार: कारणांचा शोध आणि उपचारांची वाट

मनोविकाराला एकच कारण असावे आणि ते सापडले की औषधही सापडेल, ही आशा गेल्या काही दशकांच्या संशोधनाने मागे टाकली आहे. स्किझोफ्रेनियाचेच उदाहरण घेता येईल. हा आजार काही अंशी आनुवंशिक आहे, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आधीपासूनच ठाऊक होते. २०२२ मध्ये सुमारे ७६ हजार रुग्णांच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा जनुकसंचात या आजाराशी जोडलेल्या २८७ जागा आढळल्या. एकेका जागेचा परिणाम अगदी किरकोळ आहे. त्याआधी, २०१६ मध्ये, सी-४ नावाच्या जनुकाचा धागा हाती लागला होता. मेंदूपेशींमधल्या जोडण्यांची जी छाटणी वाढीच्या वयात होते, तिच्याशी या जनुकाचा संबंध दिसतो. ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असेल, तर आजार बहुधा ऐन तारुण्यातच का डोके वर काढतो, हे उलगडू शकते. मुलाला आईने नीट वाढवले नाही म्हणून तो असा झाला, हा आरोप एके काळी मानसोपचाराच्या पुस्तकांतूनही केला जात असे. त्याला आधार उरलेला नाही. आज पदवी घेणाऱ्या डॉक्टरने हे रुग्णाच्या आईला तिने विचारण्याची वाट न पाहता सांगायला हवे.

नैराश्याचे गणित आणखी गुंतागुंतीचे आहे. मेंदूतले सेरोटोनिन हे रसायन कमी पडले की नैराश्य येते, हे सोपे स्पष्टीकरण २०२२ च्या एका व्यापक आढाव्यात टिकले नाही. औषधांनी अनेकांना गुण येतो, हे खरेच आहे. मात्र गुण आला म्हणून आजाराचे मूळ त्या एका रसायनातच आहे, असे ठरत नाही. मूळ कधी घराबाहेर, शेतातही असते. संशोधक तॅमा कार्लटन यांनी २०१७ मध्ये भारतातील तापमान आणि आत्महत्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी ताडून पाहिल्या. उष्णता वाढली की आत्महत्या वाढतात, पण फक्त पीक उभे असण्याच्या हंगामात. एरवीच्या उन्हाळ्यात तो परिणाम दिसत नाही. म्हणजे उन्हाची झळ माणसापर्यंत पिकाच्या वाटेने पोहोचते. यवतमाळ-अमरावतीच्या कपाशी उत्पादकाला हे नवे नाही. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत मिळू लागल्यावर आत्महत्या घटल्या, असे २०१९ च्या एका अभ्यासात आढळले. पैशाची चणचण हे मनाच्या आजाराचे केवळ निमित्त नसून कारणही असू शकते, हे यातून दिसते.

औषधांच्या इतिहासात योगायोगाचा वाटा मोठा आहे. सर्पगंधेच्या मुळीचा मनोविकारांवरील उपयोग १९३१ मध्ये कोलकात्याच्या डॉक्टरांनी नोंदवला. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन आले आणि पुढची सत्तर वर्षे स्किझोफ्रेनियाची जवळजवळ सगळी औषधे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्याच मार्गाने चालत राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे त्या मार्गाबाहेरचे पहिले औषध. दीर्घकालीन परिणाम अजून पाहायचे आहेत, तरी ही वाट उघडली हेच महत्त्वाचे.

पण औषध असणे वेगळे आणि ते रुग्णापर्यंत पोहोचणे वेगळे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील दहापैकी आठांहून अधिक मनोरुग्ण उपचारांविना राहतात. याच प्रश्नाला विदर्भाने एक उत्तर शोधले. ‘विश्राम’ या प्रकल्पात नागपूरची ‘प्रकृती’ आणि गोव्याची ‘संगाथ’ या संस्था सहभागी होत्या. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते ‘टेन्शन’, ‘झोप लागत नाही’, ‘मन लागत नाही’ अशा रोजच्या बोलीतून आजार ओळखत, प्रशिक्षित समुपदेशक लोकांशी बोलत आणि गरजेप्रमाणे रुग्णाला डॉक्टरकडे पाठवले जाई. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत दीड वर्षाच्या अंतराने पाहणी झाली. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि ही वाढ स्त्री-पुरुष, जात, उत्पन्न अशा सर्व गटांत सारखी होती. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाणही ५.२ वरून २.५ टक्क्यांवर उतरले. तुलनेसाठी दुसरी गावे नव्हती, म्हणून हा सगळा बदल प्रकल्पामुळेच झाला, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्याच्या अभ्यासात मात्र तुलना होती. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना व्यावसायिक पदवी नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. रुग्णाला आनंद वा आधार देणारी कामे पुन्हा हळूहळू सुरू करणे, हा या बैठकांचा गाभा. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, इतरांपैकी ३९ टक्के.

तीव्र आजारांत मात्र ही पद्धत एवढी यशस्वी ठरत नाही. सातारा, गोवा व तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना घरी जाऊन आधार देण्याचा प्रयोग झाला. २०१४ मध्ये जाहीर झालेला त्याचा फायदा माफकच होता, आणि तोही दवाखान्यातल्या उपचारांच्या जोडीने. त्यामुळे १८६४ पासून सुरू असलेल्या नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासारख्या संस्थांची गरज संपलेली नाही. त्यांचे काम मात्र बदलते आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे आणि भुलीविना विजेचे उपचार देणे यांवर बंदी घातली, आणि समाजात राहून उपचार घेण्याचा हक्क मान्य केला. बरा झालेला रुग्ण घरी परतला, तरी औषध सुटू नये यासाठी त्याच्या तालुक्यात कोणी तरी लागते. ती जागा अजून बहुतेक ठिकाणी रिकामी आहे.