गर्भाचे विरजण



फलनापासून गर्भाच्या जडणघडणीपर्यंत रासायनिक संदेशांची जी कामगिरी चालते, तिचे वर्णन करताना रेणूने हुकूम सोडावा आणि पेशींनी तो मुकाट्याने बजावावा, अशी मांडणी करण्याचा आपल्याकडे परिपाठ पडला आहे. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, संदेशाइतकीच, किंबहुना त्याहून काकणभर अधिक, महत्त्वाची आहे ती तो ग्रहण करणाऱ्याची तयारी.

चमचाभर विरजणाने पातेलेभर दही लागते खरे, पण दूध कोमट असेल तर. उकळत्या दुधात तेच विरजण फुकट जाते.

आर्बेशिया या सागरी अर्चिनच्या अंड्याभोवतालच्या जेलीतून रिसॅक्ट नावाचे, अवघ्या १४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड पाण्यात पसरते आणि त्या जातीचे शुक्राणू त्याच्या रोखाने अंड्याकडे वळतात. परंतु जांभळ्या अर्चिनच्या शुक्राणूंना त्याची दादही नसते. विरजण तेच, दूध निराळे!

जर्मनीतील हान्स स्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आपणांस ठाऊक आहेच. फिकट न्यूटच्या कोवळ्या भ्रूणातील, ज्याला पुढे 'संघटक' म्हणू लागले, तो इवलासा तुकडा गडद जातीच्या भ्रूणाच्या पोटाकडील बाजूस बसविला, तेव्हा तेथे दुसरा गर्भ आकारास आला; आणि रंग न्याहाळून पाहता त्याची मज्जानलिका जवळजवळ सर्वस्वी यजमानाच्या गडद पेशींची निघाली. दही दुधाचे झाले होते, विरजणाचे नव्हे! हीच गोष्ट ऐकणाऱ्याच्या हातून निसटते, म्हणून पुन्हा सांगतो: दही दुधाचे झाले होते. आणि यजमानाचा तोच बाह्यस्तर थोडा जून झाला, की त्याच तुकड्याला मुळीच जुमानीत नाही. दूध निवलेले असते.

आता माझा दाखला जरा तोकडा पडतो, हे कबूल केले पाहिजे. कारण उकळलेले विरजण निकामी होते, पण उष्णतेने मारलेला संघटकही आपले काम करतो, असे १९३२ साली दिसून आले. पुढे १९९०च्या दशकात नॉगिन आणि कॉर्डिन हे संघटकाचे रेणू हाती लागले, तेव्हा तर नवलच उघडकीस आले: ते मज्जापेशी होण्याचा हुकूम देतच नाहीत, तर त्वचेकडे ओढणाऱ्या बीएमपी या संदेशाला अटकाव करतात, आणि मोकळ्या झालेल्या पेशी आपण होऊन मज्जापेशींच्या वाटेस लागतात. तयारी आधीच होती!

मानवी गर्भही एचसीजी हे संप्रेरक धाडून मातेच्या अंडाशयातील पीतपिंडाला तग धरावयास लावतो. तेथेही पीतपिंड एकदा मावळला, म्हणजे मग... परंतु स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, ते राहू द्या.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एकच विनंती: फळ्यावर रेणूचे नाव लिहाल, तेव्हा तो कोणत्या पेशीला आणि कोणत्या घटकेस लागू पडतो, तेही शेजारी लिहा. त्यावाचून मुलांना नुसती नावांची यादी येते, गर्भविज्ञान येत नाही.